आकाशगंगेच्या ओढीने विरणारा तारकागुच्छ

आपल्या आकाशगंगेभोवती १५० हून अधिक गोलाकार तारकागुच्छ परिभ्रमण करीत आहेत. यांतील हजारो ते लाखो तारे परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेले असतात. बहुतेक गुच्छांचे वय १० अब्ज वर्षांहून अधिक असले, तरी हे बंधन अभेद्य नाही. आकाशगंगा त्यांतील तारे सतत हिरावून घेत असते. भुजंग तारकासमूहातील 'पालोमार ५' हा गुच्छ याचे ठळक उदाहरण होय.

तारे कसे निसटतात?

अंतर वाढते तसे आकाशगंगेचे आकर्षण कमी होते. त्यामुळे गुच्छाच्या केंद्राभिमुख बाजूवर ओढ अधिक, तर विरुद्ध बाजूवर कमी असते. सागराला भरती येते तीही चंद्राच्या ओढीतील अशाच फरकामुळे. या फरकाने गुच्छ ताणला जातो. गुच्छातील तारे एकमेकांजवळून जाताना ऊर्जेची देवाणघेवाण होते; जड तारे गुच्छाच्या मध्याकडे सरकतात, तर हलके तारे कडेला येतात. तेथील मर्यादा ओलांडलेला तारा सहसा परतत नाही. गुच्छ आकाशगंगेच्या तबकडीतून पार होताना बसणारा धक्का ही गळती वाढवतो.

आतल्या बाजूने सुटलेले तारे गुच्छाच्या पुढे जातात, बाहेरच्या बाजूचे मागे पडतात. अशा रीतीने दोन 'शेपट्या' तयार होतात.

'पालोमार ५' ची कथा

सुमारे ७० हजार प्रकाशवर्षे दूर असलेला हा गुच्छ वॉल्टर बाडे यांनी १९५० मध्ये शोधला. स्लोन आकाश सर्वेक्षणाच्या आधारे जर्मनीतील मायकेल ओडेनकिर्शेन व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्याच्या शेपट्या दाखवून दिल्या. पुढील निरीक्षणांत त्यांची लांबी २० अंशांहून अधिक, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाच्या सुमारे ४० पट आढळली. गुच्छात उरलेल्या ताऱ्यांपेक्षा शेपट्यांतील ताऱ्यांचे एकूण वस्तुमान अधिक असल्याचेही स्पष्ट झाले.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संगणकीय अभ्यासानुसार या गुच्छात शंभराहून अधिक कृष्णविवरे असावीत. त्यांच्या प्रभावाने तारे दूर फेकले जाऊन गुच्छ विरळ झाला आणि आकाशगंगेला ते ओढून घेणे सोपे गेले. सुमारे एक अब्ज वर्षांत तो पूर्णतः विरून जाईल, असे अनुमान आहे.

अभ्यासाचे महत्त्व

ताऱ्यांच्या या प्रवाहांचा मार्ग आकाशगंगेतील एकूण वस्तुमानावर अवलंबून असतो. म्हणूनच त्यांच्या वळणांवरून आणि त्यांतील खंडांवरून, प्रत्यक्ष न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याची मांडणी शोधण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञ करीत आहेत.