जंगीपूरच्या कंत्राटदाराचा हात

कोलकात्याच्या उत्तर भागात बागबाजारच्या घाटाला लागून वाहणारी हुगळी वरच्या अंगाला भागीरथी या नावाने ओळखली जाते. त्याच प्रवाहाच्या काठी, आजच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातील जंगीपूर येथे, जुलै १८५८ मध्ये राज्यधर कोनाई या कंत्राटदाराने रस्त्यासाठी लागणारी खडी पुरविण्याचा करार स्वतःच्या हाताने लिहून दिला. विल्यम हर्शेल या तरुण अधिकाऱ्याने (युरेनसचा शोध लावणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाचा हा नातू) त्याच्या तळहाताला शाई फासून कागदाच्या मागे ठसा उमटवून घेतला. उद्देश शास्त्रीय नव्हताच. ‘ही सही माझी नाही’ असे पुढे म्हणण्याची हिंमत कोनाईला होऊ नये, एवढाच धाक त्याला घालायचा होता.

आपण काय देत आहोत हे कोनाईला ठाऊक नव्हते. विशेष म्हणजे आपण काय घेत आहोत हे हर्शेललाही ठाऊक नव्हते! बोटांवरील रेषा आयुष्यभर बदलत नाहीत, ही जाण त्याला पुढे वर्षानुवर्षे ठसे जमवताना आली. १८७७ मध्ये हुगळीचा दंडाधिकारी असताना त्याने निवृत्तिवेतन, दस्तनोंदणी आणि तुरुंग येथे ठसे घेण्याची पद्धत सुरू केली. त्याने जमविलेली सामग्री फ्रान्सिस गाल्टनच्या हाती गेली आणि १८९२ मध्ये गाल्टनचा ठशांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८९७ मध्ये कोलकात्यात ठसे-कार्यालय उभे राहिले. तेथे अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी १०२४ खणांची वर्गवारी सिद्ध केली. नाव मात्र लागले त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे. म्हणजे खडीच्या करारापासून सुरू झालेली युक्ती चाळीस वर्षांच्या आत गुन्हेगार ओळखण्याचे शास्त्र बनली.

हेतू असा सरकत जाणे हाच या इतिहासाचा गाभा आहे, आणि आंतरजालावर आपण नेमके तेथेच बेसावध असतो. आपला ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला पडद्याचा आकार, वेळक्षेत्र, भाषा, संगणकातील टंक अशी किरकोळ माहिती कळू देतो. पान नीट दिसावे यासाठी तिचा उपयोगही असतो. परंतु २०१० मध्ये पीटर एकर्सली यांनी सुमारे ४,७०,००० ब्राउझर तपासले, तेव्हा त्यांपैकी ८३.६ टक्के ब्राउझर एवढ्यावरून एकमेवाद्वितीय ठरले. नाव, पत्ता, काहीही विचारलेले नसताना! या तंत्रालाही ‘ब्राउझरचा ठसा’ असेच म्हणतात. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात स्थळाचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात, ते वेगळेच.

त्याच वर्षी, २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्यामागे दहा बोटांचे ठसे आणि बुबुळांच्या प्रतिमा होत्या. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार संमती मागताना माहिती कशासाठी हवी ते सांगावे लागते. ती लांबलचक सूचना न वाचता ‘मान्य’ दाबणाऱ्याची संमती खरी मानावी का, हा प्रश्न मला अजून सुटलेला वाटत नाही. शिवाय ब्राउझरचा ठसा तर आपण एकही बटण दाबण्यापूर्वीच घेतला गेलेला असू शकतो.