तिकिटांची चित्रे, तिकिटांची भाषा

म्युनिकच्या ओटमार त्सीअर या प्रकाशकाने विसाव्या शतकाच्या आरंभी काढलेल्या पोस्टकार्डांवर देशोदेशींची टपाल तिकिटे उठावदार, रंगीत छापलेली असत. संग्राहक त्यांच्यामागे धावतात. आमचे मन मात्र त्याच काळातल्या दुसऱ्या, काहीशा स्वस्त दिसणाऱ्या कार्डांवर जडले आहे.

१ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत पहिले पोस्टकार्ड निघाले आणि पत्र उघडे पडले; पोस्टमनपासून घरच्या वडीलधाऱ्यांपर्यंत कोणीही ते वाचावे. मग प्रेमिकांनी तिकिटाच्या कलालाच अर्थ दिला. या कार्डांवर तिकीट तिरके, आडवे, उलटे असे अनेक परींनी छापलेले असते आणि प्रत्येकाखाली त्याचा अर्थ: माझी आठवण ठेव, उत्तर दे, सारे संपले. गंमत अशी की गुपिताची ही किल्ली दुकानात उघड विकली जाई. शिवाय एका तक्त्यातला कल दुसऱ्या तक्त्यात भलतेच सांगे. चिन्ह आणि अर्थ यांचे नाते केवळ संकेताचे, हे सोस्यूर १९०७ ते १९११ या काळात जिनिव्हाच्या वर्गात मांडत होता, तेव्हा बाहेर त्याची उदाहरणे अशी टपालाने फिरत होती!

पुढे तिकीटसंग्राहकांनी कार्डे पाण्यात भिजवून तिकिटे सोडवली. तिकीट अल्बमात सरळ बसले, कल गेला. (तिकीटसंग्रहाबद्दलचा आमचा राग एवढ्याचसाठी.) आमच्याकडे एक वापरलेले कार्ड तिकिटासह शाबूत आहे. मजकूर निव्वळ हवापाण्याचा. तिकीट मात्र डावीकडे कललेले. पाठवणाऱ्याच्या हाताशी कोणता तक्ता होता, की त्याने ते घाईत चिकटवले, हे त्या कार्डावरून ठरत नाही.