समुद्राला जस्ताचा घास

मालवाहू जहाज सुक्या गोदीत आले, की तपासनीस मॅनहोलमधून तळाच्या बॅलास्ट टाकीत, म्हणजे जहाजाचा तोल राखायला समुद्राचे पाणी भरतात त्या टाकीत, उतरतो. आत मिट्ट काळोख आणि जेमतेम वाकून सरकण्याएवढी वाट. बॅटरीच्या उजेडात पोलादी फासळ्यांवर करड्या धातूचे लांबट ठोकळे दिसतात. बसवले तेव्हा ते नीट कडांचे होते. आता त्यांना खड्डे पडलेत, अंगावर पांढरट पूड चढली आहे आणि काही निम्म्यावर आलेत. शेजारचे पोलाद मात्र शाबूत आहे. हे ठोकळे जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. पोलादाच्या वाटणीची झीज आपल्या अंगावर घेणे, एवढेच त्यांचे काम.

त्यांचे कूळ लाकडी जहाजांपर्यंत जाते. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री जिवांपासून तळ वाचवण्यासाठी ब्रिटिश नौदलाने 1761 मध्ये ‘अलार्म’ या जहाजाला तांब्याचे पत्रे ठोकले. वेस्ट इंडीजची फेरी करून ते परतले तेव्हा तांबे उत्तम होते, पण त्याला लागून असलेले लोखंडी खिळे पार झिजून गेले होते. काही जागी मात्र पत्र्यांच्या वेष्टनाचा जाड तपकिरी कागद काढायचा राहिला होता. त्या कागदाआडचे खिळे ठणठणीत निघाले. तांबे आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांना भिडले, की त्यांचा विद्युतघट तयार होतो आणि त्यात लोखंड झिजते. कागदाने ती भेटच टाळली होती. पण व्होल्टाचा विद्युतघट जगापुढे यायला 1800 साल उजाडायचे होते.

पुढे तांबेही झिजते, ही नौदलाची तक्रार रॉयल सोसायटीकडे गेली. तिचे अध्यक्ष सर हंफ्री डेव्ही यांनी खिळ्यांचा घात करणारा नियमच रक्षणाला जुंपला. तांब्याला लोखंड किंवा जस्त मुद्दाम जोडायचे, म्हणजे ते झिजेल आणि तांबे वाचेल. वाटाण्याएवढे जस्त चाळीस-पन्नास चौरस इंच तांब्याला पुरते, असे त्यांना प्रयोगात आढळले. 1824 मध्ये ‘समरंग’ या जहाजाच्या तांबेमढ्या तळाला ओतीव लोखंडाचे तुकडे जोडून ते नोव्हा स्कोशियाला धाडण्यात आले. हे जहाज आपल्याकडचेच, कोचीनला बांधून 1822 मध्ये पाण्यात सोडलेले. ते परतले तेव्हा तांबे जवळपास जसेच्या तसे होते. पण असे तुकडे जोडलेल्या जहाजांच्या तळावर शेवाळ आणि शिंपल्यांचा थर साचू लागला. विरघळणारे तांबे या जिवांना विषासारखे लागत असे. विरघळणे थांबले आणि विषही संपले. अशा तळाने जहाजाचा वेग मंदावतो, म्हणून नौदलाने ही योजना गुंडाळली. 1829 मध्ये डेव्ही वारले.

मला यातली खरी गोष्ट पुढे दिसते. ज्या कारणाने डेव्हींची युक्ती नाकारली गेली, ते लोखंडी जहाजांना लागूच नव्हते. लोखंड कोणत्याही जिवाला दूर ठेवत नाही. ते नुसतेच गंजते. 19व्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडची कोळसावाहू जहाजे परतीच्या रिकाम्या फेरीत तोल राखण्यासाठी वाळू-दगडाऐवजी समुद्राचे पाणीच पोटात घेऊ लागली. 1852 चे ‘जॉन बोव्स’ हे त्यांतले एक. पाणी पंपाने भरता-उपसता येई, फावडी मारणे वाचले. पण ज्या समुद्रापासून जहाज बाहेरून वाचवायचे, तोच आता आत आला.

जस्ताचे ठोकळे तेव्हाही लावले जात. ते बेभरवशाचे होते. जस्तात लोखंडाचा अंश जरा जास्त असला, की ठोकळ्यावर घट्ट थर बसतो आणि तो झिजायचाच थांबतो. 1950 च्या दशकात लोखंडाचा हा अंश लाखात काही भागांवर आणला गेला, तेव्हा कुठे जस्तावर विसंबता येऊ लागले. पुढे ॲल्युमिनियमचे मिश्रधातू आले. ते वजनाला हलके आणि किलोमागे जस्ताच्या सुमारे तिप्पट काम देणारे. मात्र गंजलेल्या पोलादावर ॲल्युमिनियम उंचावरून आदळले तर ठिणगी उडू शकते. म्हणून तेलवाहू जहाजांच्या टाक्यांत असा ठोकळा किती वजनाचा आणि किती उंचीवर बसवायचा, याला नियमाने मर्यादा घातली आहे.

ठोकळ्याची मोठी मर्यादा वेगळीच आहे: तो पाण्यात बुडालेला असेल तेव्हाच काम करतो. टाकी रिकामी झाली, की ओल्या, खारट हवेत पोलाद उघडे पडते. तिथे रंगाला पर्याय नाही. डिसेंबर 1999 मध्ये ब्रिटनी किनाऱ्याजवळ दुभंगलेल्या ‘एरिका’ या तेलवाहू जहाजाच्या चौकशीत बॅलास्ट टाकीतला गंज पुढे आला. 2006 मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नव्या जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांच्या रंगाचे मानक ठरवले. रंगाचा थर 320 मायक्रॉनचा आणि 15 वर्षे टिकावा असा. रंग धारेवर पातळ बसतो आणि गंज तिथूनच शिरतो, म्हणून पोलादाच्या कडा आधी घासून गोल करायच्या आणि कडा-सांध्यांवर ब्रशने वेगळा हात द्यायचा.

रंग आणि ठोकळा मिळूनच जहाजाचे पोट राखतात, पण ठोकळ्यावर रंगाचा एक हातही बसता कामा नये; रंग बसला की त्याचे काम बंद पडते. जाणता तपासनीस म्हणूनच झिजलेल्या ठोकळ्याला नावे ठेवत नाही, तो बदलायला सांगतो. वर्षानुवर्षे पाण्यात राहूनही कोरा करकरीत दिसणारा ठोकळा त्याला जास्त खटकतो. तो झिजला नाही, तर झीज पोलादाच्या वाट्याला गेली असणार, हे त्याला ठाऊक असते.