काबासेले, झोझेफ
काबासेले, झोझेफ : (१६ डिसेंबर १९३०–११ फेब्रुवारी १९८३). काँगोली गायक, गीतकार, वाद्यवृंदप्रमुख व आधुनिक काँगोली लोकप्रिय संगीताचा एक प्रवर्तक. ‘ल ग्राँ काले’ (थोर काले) या नावाने विशेष प्रसिद्ध. तत्कालीन बेल्जियन काँगोतील मातादी या बंदराच्या गावी त्याचा जन्म झाला.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास लेओपोल्डव्हिल (आताचे किन्शासा) शहरात निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या कामगारांची वस्ती वाढली व लिंगाला ही त्यांची व्यवहारभाषा झाली. याच काळात क्यूबन संगीताच्या ध्वनिमुद्रिका तेथे लोकप्रिय झाल्या. गुलामांच्या व्यापारात काँगो खोऱ्यातून क्यूबात नेल्या गेलेल्या लोकांच्या लयींचा या संगीतात मोठा वाटा असल्याने ते काँगोली श्रोत्यांना परके वाटले नाही. ग्रीक व ज्यू व्यापाऱ्यांनी काढलेल्या ‘न्गोमा’, ‘ओपिका’, ‘लोनिंगिसा’ इ. ध्वनिमुद्रण संस्थांमुळे स्थानिक गायकांना व्यासपीठ मिळाले.

काबासेलेने ‘ओपिका’साठी गायन केले व १९५३ मध्ये ‘आफ्रिकन जॅझ’ हा वाद्यवृंद स्थापन केला. नावात जॅझ असले, तरी अमेरिकन जॅझशी या संगीताचा संबंध थोडा होता. क्यूबन रुंबाचा ठेका, लिंगाला भाषेतील भावगीते, काबासेलेचा मृदू आवाज व निको कासांडा याचे विद्युत्-गिटारवादन ही त्याची वैशिष्ट्ये होत. १९५६ मध्ये स्थापन झालेला फ्रांको याचा ‘ओके जॅझ’ हा वाद्यवृंद त्याचा प्रमुख प्रतिस्पर्धी ठरला.

जानेवारी-फेब्रुवारी १९६० मध्ये काँगोच्या स्वातंत्र्याविषयी ब्रूसेल्स येथे गोलमेज परिषद भरली. त्या वेळी काबासेले तेथे आपल्या वाद्यवृंदासह उपस्थित होता. तेथेच ‘इंडिपेंडन्स चा चा’ हे गीत निर्माण झाले. त्यात विविध पक्षांचा व नेत्यांचा नामोल्लेख असून स्वातंत्र्यप्राप्तीचा आनंद व्यक्त झाला आहे. ते आफ्रिकेतील अनेक देशांत गाजले. तथापि ३० जून १९६० रोजी मिळालेल्या स्वातंत्र्यानंतर त्याच नेत्यांत फूट पडली आणि १७ जानेवारी १९६१ रोजी पात्रीस लुमुंबा याची हत्या झाली. त्या नेत्यांचे ऐक्य अल्पकाळच टिकले. त्याची आठवण मात्र गीतात राहिली.

१९६० मध्येच काबासेलेने ‘सुरबूम आफ्रिकन जॅझ’ ही स्वतःची ध्वनिमुद्रिका संस्था काढली. परकीय मालकांच्या हाती असलेल्या या व्यवसायात काँगोली कलावंताने टाकलेले हे महत्त्वाचे पाऊल होते. कॅमेरूनचा सॅक्सोफोनवादक मानू दिबांगो याने त्याला साथ केली. १९६३ मध्ये निको व गायक ताबू ले रोशेरो यांच्यासह प्रमुख कलावंत वाद्यवृंद सोडून गेले व त्यांनी ‘आफ्रिकन फिएस्टा’ स्थापन केला. यानंतर काबासेलेला पूर्वीचे स्थान पुन्हा लाभले नाही. पॅरिसमध्ये दिबांगो इत्यादींसह त्याने ‘आफ्रिकन टीम’ हा वाद्यवृंद चालविला.

त्याच्यापासून दुरावलेल्या निको व ताबू ले यांनीच पुढे त्याची परंपरा समृद्ध केली. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने काँगोली रुंबाचा मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.