'हायकोर्टा' : एका कौटुंबिक छायाचित्राची पाठचिकित्सा

आम्हा दोघांपैकी एकाच्या घरी एक जुने कृष्णधवल छायाचित्र आहे. काळी टोपी आणि बंद गळ्याचा कोट घातलेले चार पुरुष एका इमारतीसमोर उभे आहेत. डावीकडून दुसरे पणजोबा. आल्बममध्ये त्याखाली आजोबांच्या हस्ताक्षरात 'ती. बाबा, मुंबई हायकोर्ट' अशी ओळ आहे. या एका ओळीवर घराण्याचा इतिहास उभा होता. पणजोबा हायकोर्टात वकील होते आणि त्यांचाच वारसा त्यांच्या दोन्ही मुलांनी चालवला, असे घरातले सारेच ऐकत आले होते.

पहिली शंका आली ती इमारतीमुळेच. कर्नल फुलर यांच्या आराखड्यानुसार बांधलेली व १८७८ साली पूर्ण झालेली हायकोर्टाची वास्तू गॉथिक शैलीची आहे. दगडी भिंती, टोकदार कमानी आणि अष्टकोनी मनोरे ही तिची ओळख. छायाचित्रात यांतले काहीच नाही. आहेत ते सडपातळ खांब, आडव्या तुळया आणि एकावर एक रचलेले सज्जे. भिंतींवर भार असल्याचे जाणवत नाही. सारा डोलारा खांबांनी पेलला आहे. असे खांब दगडाचे असू शकत नाहीत, ते लोखंडाचेच असणार.

दुसरा दुवा डाव्या कडेला मिळाला. तिथे एका उंच चौथऱ्याचा कोपरा आणि त्यावर घोड्याचे मागचे पाय दिसतात. युवराज असतानाच्या सातव्या एडवर्डचा हा अश्वारूढ पुतळा १८७९ मध्ये बसवला गेला, १९६५ मध्ये हलवला गेला आणि पुढे भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात गेला. ज्याच्यामुळे 'काळा घोडा' हे नाव पडले, तो हाच. (त्या परिसरात आज दिसणारा बिनस्वाराचा घोडा २०१७ सालचा आहे.) म्हणजे छायाचित्र १९६५ पूर्वीचे, जागा काळा घोडा, आणि इमारत लोखंडी सांगाड्याची. हे वर्णन एकाच वास्तूला लागू पडते : वॉटसनचे हॉटेल.

जॉन वॉटसन या कापड व्यापाऱ्याच्या या हॉटेलाचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. बिडाचे भाग इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने मुंबईस आणले गेले आणि १८६७ ते १८६९ या काळात जागेवर जोडले गेले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ येथेच झाला. जमशेटजी टाटांना येथे प्रवेश नाकारला गेला आणि म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही गोष्टही याच इमारतीची. तिला भक्कम समकालीन पुरावा नाही. तरी ती सांगितली जातेच. घराण्यांच्या दंतकथांना हसण्यापूर्वी शहरांच्या दंतकथाही आठवाव्यात.

मग आजोबांनी 'हायकोर्ट' का लिहिले? याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही छायाचित्र आल्बममधून सोडवले. पाठीवर पणजोबांनी स्वतः मोडीत लिहिलेली ओळ होती : 'मुंबई हायकोर्टा'. त्यापुढे काही नाही, कारण आल्बमच्या चौकटीत बसावे म्हणून ती कड कातरली गेली होती. अखेरचा काना आजोबांना मोडीचा फराटा वाटला असावा. परंतु मराठी शिकवणाऱ्याला त्या कान्यापाशी थांबावेच लागते. 'हायकोर्टा' हे सामान्यरूप आहे. ते एकटे उभे राहू शकत नाही. त्यापुढे एखादा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय हवेच. मोडीत शब्द सुटे न लिहिता सलग लिहीत, त्यामुळे कात्री नेमकी शब्दाच्या मध्यावर चालली, तरी उरलेला भाग पूर्ण शब्दासारखा भासला. 'हायकोर्टात' असेल काय? इमारत पाहता नाही. 'हायकोर्टाजवळ' किंवा 'हायकोर्टानजीक' असेच काही तिथे असले पाहिजे.

शेवटचा पुरावा ट्रंकेत होता. पणजोबांच्या थोरल्या भावाने गावाहून धाडलेल्या एका पोस्टकार्डावर कुणा वकिलाच्या मार्फतचा पत्ता आहे : 'महेंद्र मॅन्शन, फोर्ट'. घरात कुणालाच हे नाव ओळखीचे नव्हते, म्हणून कार्ड निरुपयोगी ठरले होते. हॉटेल बंद झाल्यावर वॉटसनच्या इमारतीला मिळालेले हे नाव. पुढे ती एस्प्लनेड मॅन्शन झाली. खोल्यांच्या कचेऱ्या झाल्या आणि न्यायालये जवळ असल्याने त्यांत वकिलांनी बिऱ्हाड केले. कार्डात भावाने विचारले आहे की, वकीलसाहेबांनी रजा दिली तर शिमग्याला येता येईल काय. वकिलाला रजा दुसरा वकील देत नाही. पणजोबा त्या कचेरीत कारकून होते.

हे सांगावे की नाही, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. अखेर ऐंशी वर्षांच्या आत्याला सांगितले. छायाचित्र हातात घेऊन ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे कारकुनाच्या पगारात त्यांनी दोघांना वकील केलं." आम्ही पुराव्यांत इतके गुंतलो होतो की, हा निष्कर्ष आम्हाला सुचलाच नव्हता.

इमारतीचे पुढचे दिवस कठीण गेले. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळून एकाचा बळी गेला, आणि २०१९ मध्ये भाडेकरूंना ती रिकामी करावी लागली. आदेश उच्च न्यायालयाचा होता.

आल्बममधली आजोबांची ओळ आम्ही खोडलेली नाही. चुकीचा पाठ हाही इतिहासाचाच भाग असतो. तो गाळला तर त्यावर दोन पिढ्या कशा जगल्या, हे कळायचे नाही. त्याखाली आम्ही एवढेच लिहिले : 'हायकोर्टा(नजीक), महेंद्र मॅन्शन, पूर्वीचे वॉटसन हॉटेल, १९६५ पूर्वी.' 'नजीक' हा शब्द आमचा आहे, म्हणून तो कंसात ठेवला आहे.