नाट्यसंगीतातील ऑर्गन आणि स्वराचा विराम

गंधर्व नाटक मंडळीच्या (स्थापना १९१३) काळात रुजलेला ऑर्गन नाशिकच्या वसंत कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधा’च्या (१९६४) काळातही नाट्यपदांच्या साथीचे वाद्य होता. त्याची पायपट्टी स्वर लांबवीत नसे. ती केवळ भाता चालवी. बोट उचलताच स्वर थांबे. त्यामुळे गायकीतील अखंडता वादकाला बोटांनीच साधावी लागे : पुढील पट्टी बोलू लागताच मागील सोडावयाची, तीही विलंब न लावता. ध्वनिमुद्रित नमुन्यांवर चालणाऱ्या आजच्या कीबोर्डची पायकळ मात्र पियानोच्या धर्तीची आहे. पियानोचा स्वर आपोआप विरतो, म्हणून तेथे ती शोभते. ऑर्गनचा स्वर विरतच नाही, तेव्हा तीच कळ तानेचा गोंगाट करते. ऑर्गनच्या नमुन्यात पट्टी सुटल्यानंतरचा नाद अत्यल्प ठेवून पायाकडे केवळ आवाजाचा चढउतार सोपविणे इतिहासाशी अधिक सुसंगत होय.