खेळ हलतो तेव्हा काय हलतं?



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन ओळखीच्या मंडळींनी आम्हाला हटकलं. म्हणाले, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता करमणुकीच्या उद्यानांवर बोलणार? प्रश्न रास्त आहे. पण आपण ज्या भागात बसलो आहोत, त्याच्याकडे एकदा नीट बघा. खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर, २०१३ साली इमॅजिका सुरू झालं. त्याआधी, २००५ साली, नितीन चंद्रकांत देसाई यांनी चौकजवळ आपला एन. डी. स्टुडिओ उभा केला. तीस वर्षांपूर्वी जिथे भातखाचरं आणि माळरान होतं, तिथे आज राजवाडे आहेत, किल्ले आहेत, पाळणे आहेत. आपल्या घरांतली मुलं तिथे कामाला जातात. तेव्हा असा एखादा खेळ बंद पडला किंवा दुसरीकडे हलवला तर नेमकं काय बंद पडतं आणि काय हलतं, हा प्रश्न आपल्या अगदी उंबऱ्यातला आहे.

सुरुवात मात्र जरा लांबून करू. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात डिस्नेचं 'ॲनिमल किंगडम' नावाचं उद्यान आहे. ते २२ एप्रिल १९९८ रोजी उघडलं, आणि त्याच दिवसापासून तिथे 'फेस्टिव्हल ऑफ द लायन किंग' हा रंगमंचीय खेळ सुरू झाला. 'लायन किंग' या चित्रपटातली गाणी, नाच, कसरती असा अर्ध्या तासाचा मामला. प्रेक्षक चारही बाजूंना बसतात. त्यांचे चार गट केलेले असतात: सिंह, हत्ती, जिराफ आणि रानडुक्कर. ज्याने त्याने आपापल्या जनावराचा आवाज काढायचा. आपल्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनात लाल गट-पिवळा गट असतो ना, तसंच काहीसं.

या खेळात मोठमोठे चित्ररथ रंगमंचावर येतात. ते रथ या खेळासाठी बनवलेलेच नव्हते. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये 'लायन किंग'ची एक मिरवणूक निघत असे. ती १९९७ साली बंद झाली, तेव्हा तिचे रथ देशाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन त्यांच्याभोवती हा नवा खेळ रचला गेला. म्हणजे एका बंद पडलेल्या खेळाच्या सामानातून दुसरा खेळ जन्माला आला.

हा खेळ सोळा वर्षांच्या आसपास एकाच जागी चालला. पुढे त्या उद्यानात 'अवतार' चित्रपटावर आधारलेलं नवं दालन करायचं ठरलं, आणि जागा हवी होती ती नेमकी या खेळाची. ५ जानेवारी २०१४ रोजी जुन्या नाट्यगृहातला शेवटचा प्रयोग झाला. त्याच वर्षी १ जूनला, त्याच उद्यानाच्या आफ्रिका विभागात बांधलेल्या नव्या नाट्यगृहात खेळ पुन्हा सुरू झाला. तेच रथ, तीच गाणी, तेच चार गट, आणि नावही तेच. जागा बदलली म्हणून नाव बदलावं असं कोणाला वाटलं नाही.

मग २०२० साली करोना आला. सगळंच बंद. २०२१ साली खेळ पुन्हा सुरू झाला, पण त्यातली माकडांच्या वेशातली कसरतपटूंची टोळी, जी या खेळाचा प्राण होती, ती नव्हती. त्यांच्या जागी नाच बसवला होता. आणि या वेळी मात्र नाव बदललं. आता ते झालं 'अ सेलिब्रेशन ऑफ फेस्टिव्हल ऑफ द लायन किंग', म्हणजे त्या खेळाचा उत्सव. पुढे २०२२ साली कसरतपटू परत आले.

ते नाव कोणी, काय विचार करून बदललं, हे महत्त्वाचं नाही. घडलं काय ते पाहा. भिंती बदलल्या, छप्पर बदललं, पत्ता बदलला, तरी खेळ 'तोच' राहिला. माणसं कमी झाली, तेव्हा 'तोच' म्हणताना जीभ अडखळली. खेळाची ओळख कुठे राहते, याचं उत्तर एका व्यापारी कंपनीच्या पाटीने देऊन टाकलं.

आता हा प्रश्न जुना आहे, फार जुना. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. राजा रथातून आला आहे. नागसेन त्याला विचारतात, रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग ही सगळी अंगं एकत्र आल्यावर आपण ज्याला हाक मारतो, ते नाव म्हणजे रथ. त्याच ग्रंथात दिव्याचा दृष्टान्त आहे. रात्रीच्या पहिल्या प्रहरी जळणारी ज्योत आणि शेवटच्या प्रहरी जळणारी ज्योत एकच का? तीच म्हणता येत नाही, वेगळी म्हणता येत नाही. पण दिवा रात्रभर जळला, हे खरं. हा संवाद साधारण ज्या शतकांत आकाराला आला, त्याच सुमारास राजमाचीच्या पायथ्याशी आपली कोंडाणे लेणी खोदली जात होती. तेव्हा हा प्रश्न आपण अमेरिकेतून आयात केला असं कोणी समजू नये.

रथाचं उत्तर आणि ज्योतीचं उत्तर यांत मात्र फरक आहे. रथाचे भाग सुटे करून दुसरीकडे जोडता येतात. ज्योत तशी नेता येत नाही. ती एका वातीवरून दुसऱ्या वातीला लावावी लागते. खेळ हा रथ की ज्योत? आपल्या मराठी रंगभूमीचा आरंभच या प्रश्नाने झाला आहे.

१८४३ साल. सांगली. अधिपती चिंतामणराव पटवर्धन. त्याआधी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ दरबारात झाले होते. तसं काही आपल्या भाषेत व्हावं, म्हणून राजेसाहेबांनी विष्णुदास भावे यांना सांगितलं आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. म्हणजे आपलं पहिलं नाटकही दुसरीकडून चालत आलेल्या खेळातून निघालं. ते डिस्नेचे रथ आठवा.

मग जवळजवळ आठ वर्षं दरबाराच्या आश्रयाने हे खेळ झाले. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि आश्रय सुटला. आजच्या भाषेत सांगायचं तर जागा गेली, मालक गेला, पगार गेला. खेळ संपायला एवढं पुष्कळ होतं. पण भावे मंडळी घेऊन बाहेर पडले. गावोगाव खेळ करत १८५३ साली मुंबईत आले. आधी गिरगावात, मग ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून त्यांचे खेळ झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली.

दरबारात राजा बोलावील तो प्रेक्षक. नाट्यगृहात पैसे देईल तो प्रेक्षक. खेळ तोच, पण समोर बसलेला समाज पार बदलला. दोन जागांमधलं अंतर मैलांत मोजण्यासारखं नव्हतंच.

हे जमलं कसं? भाव्यांच्या नाटकात सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं प्रसंग ओळखून स्वतः करायची. आजच्यासारखी संवादांची छापील संहिता हातात नव्हती. राक्षसाने आरोळी कुठे ठोकायची, विदूषकाने सूत्रधाराला कुठे अडवायचं, हे सगळं मंडळींच्या अंगात मुरलेलं होतं. नाटक पेटाऱ्यात नव्हतं, माणसांत होतं. म्हणून माणसं हलली आणि नाटक हललं. माणसं सांगलीत राहिली असती आणि नुसते मुकुट आणि पडदे मुंबईला गेले असते, तर तिथे काय पोचलं असतं?

पुढे नाटक मंडळ्या निघाल्या, त्यांची नावं ऐका. सांगलीकर, इचलकरंजीकर, आळतेकर. फिरतीवर राहणारी माणसं, पण आडनावासारखं गाव पाठीला बांधलेलं. आणि मुक्कामाला त्यांचा शब्द होता 'बिऱ्हाड'. हा शब्द फार अर्थपूर्ण आहे. बिऱ्हाडात सामान येतं, चूल येते, आचारी येतो, आजारी माणूसही येतो. बिऱ्हाड हलवताना कोणाला मागे विसरून चालत नाही.

ही बिऱ्हाडं आपल्या कर्जतवरून गेलेली आहेत, बरं का. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली. तिथे उतरून घाट डोलीने, गाडीने चढायचा. १८६३ साली बोरघाटातून रूळ गेले आणि पुणे-मुंबई प्रवास सरळ झाला. घाट चढायला कर्जतला जादा इंजिनं लागतात, ती आजही लागतात. ती जोडेपर्यंत गाडी थांबते आणि लोक वडे खातात. किर्लोस्कर, ललितकलादर्श, गंधर्व या मंडळ्यांच्या काळात पुण्या-मुंबईकडे जाणारं नाटक याच घाटातून जायचं, पडद्यांसकट आणि माणसांसकट.

आता आजच्या कर्जत-खालापूरकडे येऊ. एन. डी. स्टुडिओत 'जोधा अकबर'साठी आग्र्याचा किल्ला उभा राहिला. नितीन देसाईंना कला-दिग्दर्शनासाठी चार वेळा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. पुढे ते सेट पाहायला लोक तिकीट काढून येऊ लागले, स्टुडिओचं उद्यान झालं. २ ऑगस्ट २०२३ रोजी देसाई गेले. त्यानंतर स्टुडिओ दिवाळखोरीच्या कायदेशीर प्रक्रियेतून राज्य सरकारच्या चित्रनगरी महामंडळाकडे आला. जागा वाचली, ही चांगलीच गोष्ट झाली.

पण हे उदाहरण भाव्यांच्या बरोबर उलटं आहे. तिथे जागा गेली आणि माणसं राहिली. इथे जागा राहिली आणि ज्याच्या डोळ्यापुढे ती आधी उभी राहिली तो माणूस गेला. सेट हा लाकडाचा, प्लास्टरचा आणि फायबरचा असतो, दर पावसाळ्यानंतर त्याला हात लावावा लागतो. तो हात कोणाचा? कोणता सुतार, कोणता रंगारी, कोणता साचे काढणारा? त्यांची आठवण कोणत्या वहीत आहे? मालमत्तेची यादी कायद्याने करावी लागते. माणसांच्या हातातलं कसब त्या यादीत येत नाही.

आमचा एक जुना विद्यार्थी. नाव सांगत नाही, उद्यानाचंही नाही, ते या जिल्ह्यातलंही नव्हतं. तिथल्या रंगमंचावर तो काही वर्षं मुखवटा घालून नाचायचा. एक दिवस खेळ बंद झाल्याचा कागद फळ्यावर लागला. नंतर त्या खेळाचं सामान दुसऱ्या शहरात गेलं, असं त्याच्या कानावर आलं. शेवटच्या दिवशी मुखवटा, हातमोजे, बूट, सगळं मोजून परत घेतलं आणि सही घेतली. तो आम्हाला हे हसत हसत सांगत होता. त्याला काय लागलं असेल, असं आम्ही विचारलं. तेव्हा म्हणाला की तो नाच अजून पाठ आहे, पण तो आता कुठे करायचा हे कळत नाही. तत्त्वज्ञानाचा आमचा सगळा अभ्यास त्या वाक्यापुढे थोडा गप्प झाला. ज्योत त्याच्याकडे होती, आणि सहीचा कागद रथाचा होता.

आम्ही उद्यानांच्या विरुद्ध नाही. खेळ बंद होणारच. प्रेक्षक कंटाळतो, जागेचा भाव वाढतो, नवं काही हवं असतं. प्रत्येक खेळ कायम चालावा असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. पण तो हलवताना आधी विचारायचं ते हे, की तो कोणाकोणाला येतो? ज्यांना येतो त्यांना बरोबर नेणार का? नेता येत नसेल, तर निदान त्यांच्याकडून दुसरा कोणी शिकेपर्यंत थांबणार का? एका वातीवरून दुसरी वात लावायला फार वेळ लागत नाही. मात्र पहिली विझल्यावर कितीही वेळ दिला तरी उपयोग नाही.

एक चिठ्ठी आली आहे. 'जाणता राजा'चं काय, असं विचारलं आहे. चांगला प्रश्न आहे. बाबासाहेब पुरंदरे यांचं हे महानाट्य १९८५ पासून चालत आलं. शेकडो कलाकार, हत्ती, घोडे, आणि मैदानात उभारायचा भलामोठा मंच. त्याला स्वतःचं घर कधी नव्हतंच. प्रत्येक गावी उभारायचं, मोडायचं, पुढे जायचं. प्रयोगांची संख्या हजारावर गेली. बाबासाहेब १५ नोव्हेंबर २०२१ रोजी गेले, त्यानंतरही त्याचे प्रयोग झाले. म्हणजे कर्ता गेला तरी खेळ राहू शकतो, जर तो शेकडो जणांच्या अंगात उतरलेला असेल तर. भाव्यांचं बिऱ्हाड ते हेच.

म्हणून या भागातल्या तरुणांना एकच सांगणं आहे. तुमच्यापैकी जे स्टुडिओत, उद्यानात काम करतात, किंवा ज्यांचे आईवडील करत होते, त्यांनी वही घ्या आणि लिहून ठेवा. कोणी कोणता दरवाजा घडवला, कोणी कोणता नाच बसवला, रंग कसा कालवला. कर्जत-खालापूरचा या दोन दशकांचा इतिहास त्या वहीत असेल. किल्ला प्लास्टरचा होता हे सगळ्यांना माहीत आहे. तो बांधणारे हात खरे होते, तेवढं नोंदवायचं राहून जाऊ नये.